अंतर तेच, तास निराळे

ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची दिशाच फिरवली. अटलांटिकवरून जाणारे विमान पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून नेले. वाट साधारण चौदाशे किलोमीटरने लांबून १५,३०० किलोमीटरवर गेली, तरी प्रवास साडेचौदा तासांच्या आसपास उरकला. आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. ही करामत वाऱ्याची. विमाने उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात. त्यांच्याच जोरावर ९ फेब्रुवारी २०२०च्या पहाटे एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. मुंबईहून अमेरिकेला जाताना परतीपेक्षा जास्त वेळ लागतो, तोही यामुळेच.

वाऱ्याचा हिशोब ऋतूनुसार मांडता येतो. राजकारणाचा येत नाही. हेलसिंकी ते टोकियो हे सरळ अंतर ८,००० किलोमीटरच्या आतले. फिनएअरने आपला आशियाचा धंदा याच जवळच्या वाटेवर उभा केला होता. २०२२मध्ये रशियाचे आकाश बंद झाले आणि साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या घरात गेला. काही विमाने तर थेट उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली.

एप्रिल २०२५मध्ये हीच वेळ आपल्यावर आली. पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, परदेशी कंपन्यांना नाही. त्यामुळे दिल्लीहून युरोपला निघालेल्या दोन विमानांची शहरे तीच, पण तास वेगळे, असा प्रकार सुरू झाला. उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले.

अशा वेळी ‘किती तास लागतात?’ या प्रश्नाला प्रवासी एजंटाने पाठ झालेला आकडा सांगणे बरे नाही. त्या तारखेचे, त्या कंपनीचे वेळापत्रक उघडूनच उत्तर द्यावे. मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या सत्तरीच्या आईवडिलांसाठी दोन तासांची वाढ लहान नसते. गुडघे, औषधांच्या वेळा, मधल्या विमानतळावरची व्हीलचेअर, सगळेच नव्याने बसवावे लागते. याला ग्राहकसेवा म्हणून वेगळे बिल लावायचे कारण नाही. तिकीट काढून देण्याच्या कामातच हे येते.

कनेक्शनच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवे. पहिले विमान लांबच्या वाटेने येणार असेल, तर कागदावर पुरेसा दिसणारा दीड तास सुरक्षा तपासणीतच संपतो. दोन्ही तिकिटे वेगवेगळ्या पीएनआरवर असतील, तर पुढचे विमान चुकल्याचा भुर्दंड बहुधा प्रवाशावरच पडतो.

मार्चमधल्या बुकिंगकडे आत्ताच पाहून घ्यावे. अमेरिकेची घड्याळे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपची शेवटच्या रविवारी. या मधल्या दिवसांत मुंबई–लंडन–न्यूयॉर्क असे तिकीट असलेल्या प्रत्येक प्रवाशाच्या सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा पुन्हा तपासून त्याला फोनवर कळवाव्यात.