मलमापूर्वी चौकशी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आलेल्या काही अमेरिकन सैनिकांच्या अंगावर खाजरे, फोडांनी भरलेले चट्टे उठू लागले. कपड्यावरील धोब्याची खूण ज्या जागी त्वचेस लागे, नेमक्या त्याच जागी हे चट्टे उठत. धोबी ती खूण बिब्ब्याच्या रसाने करीत असत. या विकाराची हकीकत १९४३ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. चट्ट्याची जागाच कारणाकडे बोट दाखवीत होती. ती पाहणारा डोळा मात्र हवा होता.

आज अंगावर पुरळ उठलेला मनुष्य प्रथम औषधाच्या दुकानात, गल्लीतील डॉक्टरांकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. तेथे पुष्कळदा ‘ॲलर्जी आहे’ एवढेच त्यास सांगण्यात येते आणि मलमाची एक नळी त्याच्या हाती पडते. रोगाचे नाव निश्चित होण्यापूर्वी मलम देण्याची ही रीत सोडून देणे अगत्याचे आहे.

ॲलर्जी हा शब्द ऑस्ट्रियातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली योजला. एखाद्या पदार्थाशी संबंध आल्यावर शरीराची त्याविषयीची प्रतिक्रिया बदलते, असा त्याचा अर्थ. त्वचेवर ही प्रतिक्रिया मुख्यतः दोन प्रकारांनी दिसते. पहिला प्रकार म्हणजे अंगावर पित्त उठणे. यातील गांध बहुधा काही तासांत, निदान २४ तासांच्या आत, मागे डाग न ठेवता मावळते व दुसरीकडे नवी उठते. त्वचेतील पेशींतून हिस्टामीन बाहेर पडल्याने हे घडते. म्हणून हिस्टामीनविरोधी गोळी येथे गुणकारी ठरते. दुसरा प्रकार स्पर्शजन्य इसबाचा. तो स्पर्शानंतर बहुधा एक-दोन दिवसांनी प्रकट होतो आणि कारण दूर होईपर्यंत पुनःपुन्हा उलटतो. कानाच्या पाळीवरील इसबामागे दागिन्यातील निकेल, कपाळावरील इसबामागे टिकलीचा डिंक, केसांच्या कडेला उठणाऱ्या इसबामागे कलप, तर गवंड्याच्या हातावरील इसबामागे सिमेंटातील क्रोमियमचे क्षार असू शकतात. उलगडा न झाल्यास संशयित पदार्थ पाठीवर पट्टीने चिकटवून दोन दिवसांनी व त्यानंतर पुन्हा एकदा पाहण्याची चाचणी आहे. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये तिचा पाया घातला.

परंतु खाजणारे प्रत्येक पुरळ ॲलर्जीचे नसते. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे आणि घरातील इतरांनाही खाज सुटली आहे, असे आढळल्यास ती खरूज समजावी. तिचा उपचार सर्व कुटुंबाने एकाच वेळी करावयाचा असतो. कडेने पसरत जाणारे आणि मध्यभागी निवळणारे गोल चट्टे गजकर्णाचे असण्याचा संभव अधिक. ज्या फिकट चट्ट्यावर स्पर्श वा उष्णता कळत नाही, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. तेथे मलमात घालविलेला प्रत्येक महिना मज्जातंतूंची हानी करतो.

नेमक्या अशा ठिकाणी तीव्र स्टेरॉइडाचे मलम घातक ठरते. गजकर्णावर ते लावले की लाली व खाज ओसरते, रोग्यास बरे वाटते. पण बुरशी निर्वेधपणे पसरत राहते आणि चट्ट्याचे रूप इतके पालटते की तज्ज्ञालाही तो ओळखणे कठीण जाते. चेहऱ्यावर ते महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे उठतात आणि मलम थांबविताच आग होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी कित्येक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता न येणाऱ्या औषधांच्या अनुसूचीत समाविष्ट केली. कायदा योग्यच आहे. परंतु चिठ्ठी लिहिणाऱ्यानेच चौकशी टाळली, तर तो काय करणार?

केंद्रावर रोग्यांची रांग असते, वेळ कोठून आणावा, असे यावर म्हटले जाते. ही अडचण खरी आहे. तथापि पुरळ केव्हा उठले, कोठे उठले, घरात आणखी कोणास आहे काय, व्यवसाय कोणता, नवे औषध वा आधी कोणते मलम वापरले काय, हे पाच प्रश्न थोड्या मिनिटांचे काम आहे. न विचारल्यास तोच रोगी पुनःपुन्हा येतो आणि रांग वाढतच जाते. स्टेरॉइड त्याज्य आहे, असेही नव्हे. निदान झालेल्या इसबावर योग्य तीव्रतेचे मलम ठरावीक दिवस लावणे हा उत्तम उपचार होय.

या चौकशीवर कित्येकांची उपजीविका अवलंबून असते. पुण्यात १९५५ साली प्रथम लक्षात आलेले गाजर गवत पुढे देशाच्या बहुतेक भागांत पसरले. त्याच्या वाळलेल्या चुऱ्याने शेतकऱ्यांच्या पापण्या, मान व कोपरांच्या खोबणी इसबाने भरून येतात. शेतात काय उगवले आहे हे कोणी न विचारल्यास तो शेतकरी वर्षानुवर्षे मलमे विकत घेत राहतो. विचारल्यास पूर्ण बाह्यांचे कपडे, कामानंतर स्नान आणि फुले येण्यापूर्वी दुसऱ्याच्या हातून गवताचे उच्चाटन, असा मार्ग त्यास दाखविता येतो.

काही प्रसंगी मात्र लांब चौकशीस अवसर नसतो. पित्त उठण्याबरोबर श्वास कोंडला, जीभ सुजली वा घेरी आली, तर मांडीच्या स्नायूत ॲड्रिनलिनचे इंजेक्शन तत्काळ दिले पाहिजे. औषध घेतल्यावर ताप, तोंडात फोड व कातडी सुटणे अशी चिन्हे दिसली, तर संशयित औषध बंद करून रोग्यास विनाविलंब मोठ्या रुग्णालयात पाठवावे. इतर वेळी रोग्यानेही शेजाऱ्याची नळी न वापरता आपली हकीकत नीट सांगावी आणि डॉक्टरांनी ती नीट ऐकावी. प्रत्येक प्राथमिक केंद्रात आज हे करणे शक्य आहे.