ईमानाला विज्ञानाचं सर्टिफिकेट कशाला?

रमजान आला की मोबाईलवर एका जातीचे व्हिडिओ फिरू लागतात. बिग बँग, आईच्या पोटातलं बाळ, समुद्राचा तळ, सगळं कुराणात आधीच सांगितलं होतं, म्हणजे अल्लाह आहे हे विज्ञानाने सिद्ध केलं. मला हे व्हिडिओ ईमानासाठी नास्तिकांपेक्षा जास्त धोक्याचे वाटतात.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आज टेस्ट पास झालेला कोड उद्या नवी टेस्ट आली की नापास होतो, त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही. विज्ञानही असंच पुढे सरकतं. आयतीचा अर्थ आजच्या सिद्धांताला चिकटवला आणि उद्या सिद्धांत बदलला, तर आयतीचं काय करायचं? इंजिनिअरिंगला गेलेली आपली पोरं नेमकी इथेच घसरतात. पुरावा आहे म्हणून देव आहे, असं शिकवलेलं असतं. पुरावा कच्चा निघाला की देवही सुटतो, आणि घरी सांगायची सोय नसते.

अल्लाहच्या अस्तित्वाची टेस्ट मला लिहिता येणार नाही, कारण कोणता निकाल आला तर ‘नाही’ म्हणायचं हेच ठरवता येत नाही. म्हणून विज्ञान इथे हो म्हणत नाही, तसं नाहीही म्हणत नाही.

१९७९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अब्दुस सलाम, स्टीव्हन वाइनबर्ग आणि शेल्डन ग्लॅशो यांना मिळालं. सलाम पक्के श्रद्धाळू, नोबेलच्या मेजवानीत त्यांनी कुराणातल्या आयतींचा दाखला दिला. वाइनबर्ग उघड नास्तिक. दोघे स्वतंत्रपणे काम करत एकाच सिद्धांताला पोचले. त्यात सांगितलेले डब्ल्यू आणि झेड कण १९८३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सापडले. तिथल्या यंत्राने कोणाचा मजहब विचारला नाही. (तो पाकिस्तानने विचारला. सलाम अहमदी होते, आणि १९७४ मध्ये तिथे त्यांची जमात गैरमुस्लिम ठरवली गेली.)

वणीच्या पोरांना एवढं लांब जायचीही गरज नाही. आपल्या उकणीच्या खाणीतला कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना, गोंडवन काळातल्या झाडांचा. विदर्भातल्या खडकांमधले जीवाश्म १९ व्या शतकात नागपूरला राहून गोळा केले ते स्टीफन हिस्लॉप यांनी, आणि ते होते स्कॉटिश मिशनरी. खडकांबद्दलचं त्यांनी खडकांना विचारलं, प्रार्थनाही सोडली नाही.

पण यात एक अट आहे. तपासता येईल असा दावा केला, की तपासणीला उभं राहावंच लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे कपाशीत, सोयाबीनमध्ये साप चावतो आणि अजूनही काही घरांतून माणसाला आधी मांत्रिकाकडे नाहीतर एखाद्या बाबाकडे नेतात. आपल्यात दम केलेलं पाणी आणि ताविज असतं. ‘विष उतरलं’ म्हणणारे सगळेच काही खोटं बोलत नाहीत. बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दरवेळी पुरेसं विष सोडत नाही. असा माणूस कोणीही फुंकर मारली तरी उठून बसतो आणि बाबाचं नाव होतं. मण्यारीचं विष भिनलं की मात्र श्वास बंद पडू लागतो. तिथे दवाखान्यातलं प्रतिविषच लागतं, तेही लवकर.

डॉ. नरेंद्र दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. देव मानायला, नमाज पढायला त्यात कुठेही मनाई नाही. तरी आपल्या मोहल्ल्यात हा कायदा ‘त्यांच्यासाठी’ आहे असं समजणारे भेटतात. तो आपल्या बाबांनाही तेवढाच लागू आहे.

दुआ जरूर करा, दवाखान्याकडे जाणाऱ्या गाडीत बसून करा. उंट आधी बांधायला सांगणारी हदीस आपल्या मौलानांना पाठ असते. पावसाळ्याआधीच्या एखाद्या जुम्म्याला त्यांनी ती सांगावी, आणि तिच्यासोबत प्रतिविष कोणत्या दवाखान्यात मिळतं तेही सांगावं.