अ‍ॅव्हरेज गाडीचे नव्हे, धंद्याचे पाहा

मोटारसायकल ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. पाव-बटर, अंडी, मासळी, कापड विकणारे असोत की घरपोच पार्सल देणारे तरुण, अनेकांचे दुकान दुचाकीवरच असते. गाडी घेताना "अ‍ॅव्हरेज किती देते?" असे आपण हमखास विचारतो, पण घेतल्यावर ती प्रत्यक्षात किती देते, हे मोजणारा विरळाच. आमच्या मते छोट्या व्यापाऱ्याची ही मोठी चूक आहे.

समजा, एखादा फेरीवाला रोज ६० किलोमीटर फिरतो व महिन्यात २६ दिवस धंदा करतो. एकूण १५६० किलोमीटर झाले. गाडी लिटरला ६० किलोमीटर देत असेल तर २६ लिटर पेट्रोल लागेल. ४५ देत असेल तर जवळपास ३५ लिटर. पेट्रोल १०० रुपये लिटर धरले तरी वर्षाला दहा हजारांवर रुपये जादा जातात. ही रक्कम थेट नफ्यातून जाते.

कंपनीचा आकडा ठरावीक चाचणीतला असतो. तेथे बाजारातील गर्दी नसते, घाट नसतो, मागे बांधलेले क्रेटही नसतात. म्हणून आपला आकडा आपणच काढावा. टाकी पूर्ण भरावी, मीटरचा आकडा लिहावा, दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर पुन्हा तेवढीच भरावी. चाललेल्या किलोमीटरला दुसऱ्या वेळी बसलेल्या लिटरने भागावे. दर महिन्याला असे केले, की गाडीचा बिघाड आधी वहीत दिसतो.

अ‍ॅव्हरेज घटण्याची कारणे बहुधा साधी असतात. टायरमध्ये हवा कमी, चेन कोरडी, एअर फिल्टर धुळीने भरलेला, ब्रेक चाकाला घासणारा. सवयीही तितक्याच महाग पडतात. क्लच अर्धा दाबून चालवणे, एकदम पिकअप घेणे, गिऱ्हाइकाशी बोलताना इंजिन चालू ठेवणे. वेग वाढला, की वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. दोन्ही बाजूंना रुंद पेट्या असतील तर आणखीच. चाळीस-पन्नासच्या संथ वेगात बरकत आहे.

परंतु सारा दोष चालकाच्या माथी मारणे न्यायाचे नाही. २०२५ पासून पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. अशा मिश्रणावर जुन्या धाटणीच्या दुचाकींचे अ‍ॅव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिलेला आहे. ही घट भरून निघावी म्हणून असे इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त विकावे, अशी शिफारसही त्यात होती.

इथेनॉलला आमचा विरोध नाही. आपल्या राज्यातील ऊस उत्पादकाला त्याचा आधार आहे, आयातही घटते. मात्र ग्राहक लिटरचे पैसे मोजतो आणि त्या लिटरवर अंतर कमी कापले जाते. देशाच्या फायद्याचा भार फेरीवाल्याच्या खिशावर का? शिफारशीप्रमाणे दर कमी झालाच पाहिजे. ही मागणी करताना आपल्या हातात स्वतःच्या गाडीचा लेखी हिशोब असावा. तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही. वहीतले आकडे नाकारणे मात्र कठीण असते.