विज्ञान-प्रसंग : फिरत्या चाकाची नाडीपरीक्षा

मध्यंतरीं एका स्नेह्यांच्या घरीं सायंकाळीं बसलों असतां त्यांच्या नातवानें आम्हांस एक प्रश्न विचारला. छताचा पंखा चालू होता व भिंतीवर जुन्या धर्तीची, चोक असलेली ट्यूब लागली होती. मुलगा म्हणाला, "पंख्याला पातीं तीनच आहेत, मग हीं इतकीं कुठून आलीं? आणि तीं उलटीं कां फिरतात?" वडील मंडळींनीं 'डोळ्यांचा भास' म्हणून प्रश्न निकालांत काढला. भास खराच, पण याच भासाच्या पोटीं एक उपयुक्त विद्या जन्मास आली आहे, म्हणून या खेपेस तिचीच हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या घरांतील वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. त्यामुळें अशा ट्यूबचा उजेड सेकंदास १०० वेळां कमीजास्त होतो. पंखा मिनिटास ३३३ फेरे घेत असला, तर एका उजेडापासून दुसऱ्या उजेडापर्यंत पातें सुमारें २० अंश पुढें सरकतें. तीन पातीं मिळून वर्तुळांत १८ जागीं उजळतात, आणि आपणांस १८ अंधुक पातीं स्थिर उभीं असलेलीं दिसतात. वेग किंचित् उतरला कीं तींच मागें मागें सरकूं लागतात.

घरीं ही करमणूक होय. कारखान्यांत मात्र ती हातावर बेतावयाची. वेगानें फिरणारें चाक स्थिर भासलें आणि कामगारानें त्यास हात लावला तर काय होईल, हें सांगावयास नकोच. म्हणून तेथील दिवे विजेच्या तीन फेजांवर वांटून देतात. एकाचा उजेड मंदावतो तेव्हां दुसऱ्याचा भर असतो.

परंतु जें फसवितें तेंच नीट योजिलें असतां खरें दाखवितें. १८३२ च्या सुमारास बेल्जममध्यें प्लातो व व्हिएन्नामध्यें श्टांफर यांनीं फटी पाडलेल्या फिरत्या चकत्यांनीं गति खंडित करून दाखविली. पुढें अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत हॅरल्ड एजर्टन यांनीं विजेच्या मोटारींचा अभ्यास करतांना क्षणिक लखलखाट पाडणाऱ्या दिव्याचा उपयोग केला. चाकाच्या फेऱ्यांइतकेच लखलखाट पाडले कीं चाक उभें राहतें. त्यांत थोडासा फरक ठेवला कीं डोळ्यांस न दिसणारी थरथर संथपणें डोळ्यांपुढें उलगडते.

ही थरथर मोजावयाची कशास? झोपाळ्यास योग्य वेळीं हलका हलका झोका देत गेलें असतां तो केवढा उंच जातो, हें मुलांसहि ठाऊक आहे. चाकाचा तोल रेसभर ढळला असला आणि त्याचे फेरे आंसाच्या स्वाभाविक कंपाशीं जुळले, तर तसेच झोके प्रत्येक फेऱ्यास बसूं लागतात व पोलादहि अखेर थकतें. मोजण्यासाठीं पात्यास कांहीं चिकटवावें तर त्याच्या भारानें पात्याचा कंपच बदलतो. प्रकाशास मात्र असें ओझें नाहीं.

म्हणून टर्बाइनच्या कवचांत बारीक भोंकें पाडून तेथून पात्यांच्या टोंकांवर प्रकाश टाकतात. टोंक समोरून जातांच प्रकाश परततो व त्या क्षणाची नोंद होते. एक मीटर व्यासाचें चाक मिनिटास ३००० फेरे घेत असतां टोंकाचा वेग सेकंदास सुमारें १५७ मीटर असतो. पातें सेकंदाच्या दशलक्षांश भागानें उशिरा आलें, तर तें सुमारें ०.१६ मिलिमीटर वांकलें असें समजावें.

दुसरी युक्ति लेझरची. पृष्ठभाग सेकंदास १ मीटर वेगानें आपणांकडे येत असला, तर हीलियम-निऑन लेझरच्या परतणाऱ्या तांबड्या प्रकाशांत सुमारें ३२ लक्ष आवर्तनांची भर पडते. मूळ संख्या ४७४ वर बारा शून्यें! तींत हा फरक थेट कसा मोजावा? तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या असतां जीं आंदोलनें ऐकूं येतात, तींच येथें उपयोगीं पडतात. परतलेला किरण मूळ किरणांत मिसळला कीं दोहोंतील फरक आंदोलनरूपानें प्रकट होतो. १९६४ सालीं येह व कमिन्स यांनीं ही रीत वाहत्या पाण्याच्या वेगास लाविली. फिरत्या चाकासाठीं मध्यें चाकाच्या निम्म्या वेगानें फिरणारा लोलक ठेवतात. त्यांतून दिसणारी प्रतिमा लोलकाच्या दुप्पट फिरत असल्यामुळें चाक जणूं उभें राहतें, आणि उरतो तो निव्वळ कंप.

परंतु नाडी पाहून उपचार न केला तर वैद्य काय करणार? १७ ऑगस्ट २००९ रोजीं सायबेरियांत येनिसेइ नदीवरील सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत्-केंद्रांत दुसऱ्या क्रमांकाच्या टर्बाइनचें झाकण उडालें, यंत्रगृहांत पाणी घुसलें आणि ७५ माणसें प्राणांस मुकलीं. झाकणाचे बोल्ट थकून तडकले होते. आणि कंप मर्यादेबाहेर गेल्याचें दिसत असूनहि तें यंत्र थांबविण्यांत आलें नव्हतें, असें चौकशींत निष्पन्न झालें. मोजमापाची उणीव नव्हती. मोजलेलें मनावर घेण्याची होती.

तेव्हां घरांतील मुलानें असा प्रश्न विचारला, तर वडील मंडळींनीं तो भास म्हणून झटकूं नये. पंखा बंद करून पातीं मोजावीं, पुन्हा चालू करावा, आणि मुलाजवळ बसून तो भास एकदां स्वतः पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.