मोटारीची कळ कोणाच्या हाती?

अंबड किंवा घनसावंगी तालुक्याच्या शिवारात मध्यरात्री थ्री फेज वीज आली, की ती आल्याचे कोणी सांगावे लागत नाही. चहूकडच्या विहिरींवरील मोटारी एकाच क्षणी घुमू लागतात. त्या सुरू करण्यासाठी विहिरीवर कोणी गेलेले नसते. मालक घरी निजलेला असतो. ही किमया स्टार्टरला जोडलेल्या एका लहानशा उपकरणाची. शेतकरी त्याला ‘ऑटो’ म्हणतात. या सोयीचे कौतुक पुष्कळ होते. तिच्यासाठी काय गमवावे लागते, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

मोटारीचा स्टार्टर म्हणजे केवळ चालू-बंद करण्याची कळ नव्हे. हिरवे बटण दाबले की ‘नो व्होल्ट कॉइल’ नावाच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतो, त्याचे चुंबक बनते आणि ते संपर्कपट्ट्या ओढून धरते. बोट काढून घेतल्यावरही हे चुंबक टिकते, कारण एक दुय्यम संपर्क त्याला प्रवाह पुरवीत राहतो. लाल बटण दाबले, जादा भारामुळे रिले उडाला अथवा वीज गेली, की ही साखळी तुटते आणि पट्ट्या सुटतात. त्यानंतर वीज परतली तरी हिरवे बटण पुन्हा दाबल्याखेरीज मोटार सुरू होत नाही. ही रचना योगायोगाने झालेली नाही. गेलेली वीज केव्हा येईल याचा नेम नसतो आणि त्या क्षणी यंत्राजवळ कोणाचा हात असेल, हे यंत्राला कळत नाही. म्हणून पुन्हा सुरू करण्याचा निर्णय माणसाकडे ठेवलेला असतो. ‘ऑटो’ नेमका हाच निर्णय त्याच्याकडून काढून घेतो. वीज गेली म्हणून निर्धास्तपणे विहिरीत उतरलेला किंवा पेटी उघडून सैल तार आवळीत बसलेला मनुष्य त्यामुळे अकस्मात संकटात सापडतो.

हानी एका विहिरीपुरतीही राहत नाही. पाच अश्वशक्तीची थ्री फेज मोटार पूर्ण भाराने चालताना सुमारे साडेसात अँपिअर प्रवाह घेते. थेट सुरू होताना तीच मोटार काही क्षण त्याच्या सहापट, म्हणजे सुमारे ४५ अँपिअर मागते. ६३ केव्हीएच्या रोहित्राची क्षमता साधारण ८४ अँपिअरची. अशा दहा मोटारी एकेक करून सुरू झाल्या तर ७५ अँपिअरमध्ये सुखाने चालतील. पण त्यांतील दोनच एकदम उठल्या तर मागणी ९० वर जाते, आणि दहाही एकदम उठल्या तर साडेचारशेवर. हा अर्थात कागदावरचा हिशेब झाला. प्रत्यक्षात विजेचा दाबच खचतो. दाब निम्मा झाला की मोटारीची फिरण्याची ताकद चौथाईवर येते. मोटारी गती न घेता नुसत्या गुरगुरतात, तापतात आणि जळतात. रोहित्र जळाले की गावात संताप उसळतो आणि तो स्वाभाविकही असतो. परंतु त्या जळण्यात शिवारातल्या ‘ऑटों’चाही वाटा असू शकतो, हे बोलून दाखविण्याचे धैर्य फार थोडे दाखवितात.

म्हणून शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होणे मात्र अन्यायाचे होईल. २०१२ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळून गेल्या. पाण्याची एक पाळी चुकणे म्हणजे काय, हे येथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. शेतीचा वीजपुरवठा वर्षानुवर्षे पाळीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, होत आला. अंधारात, चिखलातून, विंचू-सापांची भीती बाळगीत विहिरीवर जाण्यापेक्षा एक उपकरण जोडणे त्याला शहाणपणाचे वाटले. महावितरणने ‘ऑटो’ काढून टाकण्याची व कपॅसिटर बसविण्याची आवाहने वारंवार केली आहेत. ती योग्यच आहेत. परंतु रात्री दोनला वीज द्यायची आणि हाताने बटण दाबण्याचा आग्रहही धरायचा, हे एकमेकांशी जुळत नाही.

याच जिल्ह्यातील दुसरे चित्र पाहण्यासारखे आहे. जालना शहर लोखंडाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. बंद केलेली कळ चुकून ‘चालू’कडे सरकण्याजोगी असेल, तर ती बंद स्थितीतच कुलूपबंद ठेवण्याची तजवीज १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २४ व्या कलमात होती. कारखान्यातील कामगारासाठी कायद्याने जी दक्षता आवश्यक मानली, ती शहराबाहेर काही मैलांवर तशाच मोटारीजवळ अनवाणी उभ्या असलेल्या माणसापर्यंत कधी पोचली नाही. नवी जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो खरा. पण त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत त्या पेटीत काय काय बदलले गेले, हे पाहायला कोण येतो? फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार येते. रिले वारंवार उडतो म्हणून त्याचा काटा शेवटच्या आकड्यावर नेला जातो. मग एक फेज गेला तरी मोटार उरलेल्या दोहोंवर ओढत राहते आणि वेटोळी जळून जातात. पत्र्याच्या पेटीला अर्थिंगची तार असली तरी तिचे दुसरे टोक कोरड्या मातीत असते, किंवा कोठेच नसते. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल सांगतात.

एक गैरसमज तर सुशिक्षितांतही आढळतो. लाल बटण दाबले म्हणजे वीज बंद झाली, असे मानले जाते. वस्तुतः त्याने मोटार बंद होते. पेटीत येणाऱ्या तारांवर ४०० व्होल्टांहून अधिक दाब तसाच असतो. पेटी उघडण्यापूर्वी तिच्या अलीकडचा, तिन्ही फेज एकदम तोडणारा मेन स्विच पाडणे हाच एक मार्ग. फोनवरून चालणाऱ्या मोबाइल स्टार्टरला तर हे अधिकच लागू आहे. घरून बटण दाबणाऱ्याला विहिरीवर कोण वाकला आहे, ते दिसत नाही.

दहावीचा विद्यार्थी विद्युत मोटारीची आकृती काढतो, फ्लेमिंगचा नियम पाठ म्हणतो आणि गुण मिळवितो. त्याच्या बापाच्या विहिरीवरील पेटीची आकृती त्याला कोणी काढावयास सांगत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी एक तास त्या पेटीला दिला, तर अभ्यासक्रमाचे काही बिघडणार नाही.

मुख्य उपाय अर्थात दिवसा वीज हाच आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये त्याच हेतूने सुरू झाली. जेथे दिवसाचा पुरवठा पोचला नसेल, तेथे तो येईपर्यंत स्टार्टरमध्ये फेज गेल्यास मोटार तोडणारे साधन आणि प्रत्येक विहिरीवर वेगवेगळ्या वेळी मोटार सुरू करणारा टायमर तरी असावा. टायमरने रोहित्र वाचेल. माणसासाठी मेन स्विच आणि अर्थिंग यांना पर्याय नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे वीजबिल सरकारने एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी आपल्याकडे घेतले. त्या खर्चाच्या मानाने मेन स्विच, फेजरक्षक आणि अर्थिंग यांचा खर्च अगदी किरकोळ ठरेल. आयटीआयमध्ये वायरमनचे शिक्षण घेणारी मुले याच गावांतील आहेत. पेरणीपूर्वीच्या मोकळ्या दिवसांत त्यांना शिक्षकांसह विहिरींवर पाठवून एकेका रोहित्रावरील पेट्या तपासून घेता येतील. त्याची सुरुवात या उन्हाळ्यातच एखाद्या तालुक्यापासून व्हावी.