ऊसतोडीचा तालुका आणि शाळेचा अहवाल

शाळेचा वार्षिक अहवाल म्हणजे कागदी सोपस्कार, हे मत बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्याला लागू पडत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात; अनुदानाच्या खर्चावर देखरेख हे तिचेच काम. पण यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीवर पटसंख्या, शिक्षक, स्वच्छतागृहे दिसतात; तिसरीतल्या मुलीला परिच्छेद वाचता येतो का, हे दिसत नाही. पालकांना नेमके तेच हवे असते.

इथली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. मुले हंगामी वसतिगृहात राहतात, नाहीतर सोबत फडावर जातात. त्यामुळे वर्षभराच्या हजेरीची सरासरी फसवी ठरते. हंगामाआधीची, हंगामातली आणि परतल्यानंतरची हजेरी वेगवेगळी मांडावी. अहवाल १ मे रोजी, निकालाच्या दिवशी, ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. तोवर बहुतेक ऊसतोड कुटुंबे गावी परतलेली असतात.