खेळयंत्र कोणत्या बॅगेत?

दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब दुबईला जायचे ठरले की व्यापारी घरांत खाकरे-ठेपल्यांची बांधाबांध आठवडाभर आधी सुरू होते. मुलांचे निन्टेंडो स्विच किंवा स्टीम डेक मात्र अखेरच्या घटकेस, जागा सापडेल त्या बॅगेत सरकवले जाते. वास्तविक विचारपूर्वक ठेवायची वस्तू हीच.

कारण तिच्यातील लिथियम-आयन बॅटरी. दाब, उष्णता वा अंतर्गत बिघाडाने ती पेटली, तर स्वतःच्याच उष्णतेने धुमसत राहते. केबिनमध्ये धूर दिसताच कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. विमानाच्या पोटातील सामानकक्षात तिच्यापाशी पोहोचणार कोण? म्हणूनच पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या सामानकक्षात नेण्यास बंदी आहे. खेळयंत्रही हातातील बॅगेतच असावे. ते मोठ्या बॅगेत टाकावेच लागले, तर पूर्णपणे बंद केलेले हवे. पडदा काळा झाला म्हणजे यंत्र बंद झाले असे नव्हे. बहुधा ते केवळ निद्रावस्थेत असते. चार्जर, केबल, डॉक यांत बॅटरी नसल्याने ती कुठेही चालतात.

वजनमापाचे व्यापाऱ्याला वावडे नसते. येथील माप वॉट-तास. 20,000 मिलिअँपिअर-तासांना 3.7 व्होल्टने गुणून हजाराने भागले की 74 वॉट-तास येतात. शंभरापर्यंत सर्वसाधारणपणे अनुमती लागत नाही. 100 ते 160 पर्यंत विमान कंपनीची संमती हवी. छापील आकडे पुसलेली पॉवर बँक सुरक्षा तपासणीत अडकू शकते. फुगलेली तर घरीच ठेवावी.

28 जानेवारी 2025 रोजी दक्षिण कोरियातील बुसानच्या विमानतळावर उड्डाणापूर्वी एअर बुसानच्या विमानात आग लागली. आसनांवरील कप्प्यातून ती पसरली. आतील सर्व 176 जण बाहेर पडले, विमान मात्र जळाले. संशय पॉवर बँकेवर होता. त्यानंतर नियम कडक होत गेले. 1 ऑक्टोबर 2025 पासून एमिरेट्सच्या विमानात प्रत्येकी एकच पॉवर बँक नेता येते, तीही वापरता येत नाही. तेव्हा यंत्र घरूनच पूर्ण चार्ज करून न्यावे.

गफलत होते ती विमानाच्या दाराशी. जागा नाही म्हणून कर्मचारी हातातील बॅग सामानकक्षाकडे पाठवतात आणि घाईत पॉवर बँक आतच राहते. दिवा उघडा न ठेवणाऱ्या घरातील जयणा येथेही हवी: बॅग सोपवण्यापूर्वी पॉवर बँक आणि खेळयंत्र काढून घ्यावे. आणि यंत्र आसनाच्या फटीत पडलेच, तर आसन हलवू नये. कर्मचाऱ्यांना बोलवावे, कारण आसनाखाली चिरडलेली बॅटरी पेट घेऊ शकते.